मदत हवी आहे: जर्मन गाणी पाठ झाली, पण शब्द सुटे होत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी गुहागरची. चिपळूणला एका दवाखान्यात नर्स आहे. जर्मनीला जायचं म्हणून ऑनलाइन क्लास लावलाय, ए२ म्हणजे दुसरी पातळी संपत आलीय. तिकडे नर्सिंगच्या मान्यतेसाठी साधारण बी२, म्हणजे चौथी पातळी लागते, म्हणजे अजून बराच घाट चढायचाय. अभ्यासाचा वेळ म्हणाल तर एसटीतला. रेंज मध्येच जाते, म्हणून चार-पाच गाणी मोबाइलवर उतरवून घेतलीत. मार्गताम्हाने येईपर्यंत तीच घोळवत बसते.

सुरुवात नेना या जर्मन बँडच्या १९८३ च्या '९९ लुफ्टबलोन्स'ने केली. 'नॉयनउंडनॉयनत्सिश' पहिल्याच दिवशी तोंडात बसलं. नऊ आणि नव्वद, म्हणजे आपलं नव्याण्णवच की! (एकोणऐंशी, एकोणनव्वद म्हणणारे आपण एकोणशंभर मात्र म्हणत नाही, हे मला जर्मन शिकताना लक्षात आलं.) 'त्साइट' म्हणजे वेळ, त्यातला त्स चाकातल्या च सारखा. तोही फुकटात जमला.

अडतं ते पुढे. शब्द चालीसकटच येतो. परवा बाईंनी आगपेटीच्या काडीला काय म्हणतात विचारलं. येत होतं हो! पण आधीची ओळ मनात गुणगुणल्याशिवाय 'श्ट्राइशहोल्त्स' बाहेर पडेना. तोवर दुसऱ्याने सांगून टाकलं. मग त्याचं लिंग विचारलं, तर पाटी कोरी. गाण्यात त्या शब्दाला आर्टिकलच (नामाआधी येणारा, लिंग दाखवणारा डेअर-डी-डास) नाही, ते 'डास' आहे हे कळणार कुठून?

तो-ती-ते आपल्याकडेही आहे, सोपं जाईल असं वाटलं होतं. पण तिथे चमचा तो, काटा ती आणि सुरी ते! 'डी झे' म्हणजे समुद्र, 'डेअर झे' म्हणजे तळं. जन्म समुद्राकाठी गेला आणि मी वर्गात अख्ख्या अरबी समुद्राचं तळं करून ठेवलं.

शिवाय गाण्यात 'आइने'चं, म्हणजे 'एक'चं, नुसतं 'ने' होतं. तेच मी सराव-पत्रात लिहिलं आणि लाल शाई खाल्ली.

आता प्रश्न. गाण्यातून उचललेला शब्द चालीतून सोडवायचा कसा? मी वहीत आर्टिकल लावून तो लिहिते, पण म्हणताना पुन्हा गाणंच जिंकतं. शब्द घालून स्वतःची वाक्यं रेकॉर्ड करून ऐकली तर उपयोग होतो का? कुणी केलंय? आणि रोजच्या बोलण्यातले शब्द असलेली, संथ गाणी सुचवा. पेशंटला कुठे दुखतंय विचारायचं असताना 'ड्यूझनयेगर', म्हणजे लढाऊ जेट विमान, माझ्या काय कामाचं?

फ्लॅशकार्डांची ॲप कृपया नकोत, दोन वापरून काढून टाकली. एसटीत उभं असताना एक हात दांडीला, दुसऱ्यात डबा. मोकळे असतात ते कानच.