मदत हवी आहे: सीताफळावरचा हा ढालकिडा क्रिप्टोलिमस आहे का स्किमनस?

नमस्कार मंडळी, आमच्याकडे पुरंदरला सीताफळावर पिठ्या ढेकूण (मिलीबग, रस शोषणारी कीड) बराच झालाय, फळाच्या डोळ्यांमधल्या खाचांत कापूस भरल्यासारखा, आणि त्यातच काही किडे वेगळे दिसतायत. अंगावर तसेच पांढरे मेणाचे धागे पण लांब लांब, ढेकणापेक्षा आकाराने मोठे आणि चांगलेच पळतात, ढेकूण कुठला एवढा पळतोय! एक तर अंड्यांच्या पुंजक्यात तोंड खुपसून बसला होता. म्हणजे ही ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्याची, लेडीबर्डची अळी हे नक्की, आमचा गडी मात्र मोठा ढेकूणच समजून चिरडत होता, त्याला थांबवलं.

आता खरा प्रश्न, ही क्रिप्टोलिमसची का स्किमनसची? दोन्ही ढालकिड्याचेच प्रकार. क्रिप्टोलिमसचा प्रौढ साधारण ४ मिमी, पंख काळपट तपकिरी आणि डोकं, मान, शेपटाकडचं टोक नारिंगी, एवढं मला माहितीये. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आपल्याकडे १८९८ मध्ये आणलेला. पण स्किमनसच्या अळ्यापण अशाच मेणकट असतात ना? बागेत मला दोन्ही साइजचे प्रौढ दिसले, बारकेवाले जेमतेम २ मिमी आणि नुसते तपकिरी.

तर अळीवरूनच जात ओळखायची काही खूण आहे का, का प्रौढ निघेपर्यंत डबीत पाळायलाच लागतील? आणि क्रिप्टोलिमसच्या नराचे पुढचे पाय फिकट तपकिरी आणि मादीचे काळे असतात, ते साध्या भिंगातून दिसतं का? ओळख पटेपर्यंत फवारणी थांबवलीये, जाणकारांनी जरा लवकर सांगा.