दहा दिवसांत गोळी सोडू नका

ताई, आईंना एसिटॅलोप्रॅम ही उदासीवरची गोळी सुरू होऊन दहाच दिवस झालेत. फरक नाही म्हणून ती बंद करून पाळी जातानाच्या त्रासासाठीचे हार्मोन द्यावेत का, असं विचारलंत. एवढ्यात सोडू नका. मन सावरायला 4 ते 6 आठवडे लागतात. सुरुवातीची मळमळ नाश्त्यानंतर गोळी घेतली की कमी होते. अचानक बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके जाणवतात.

घामाकडे मात्र नीट लक्ष द्या. पाळी जातानाच्या गरम वाफा या गोळीने बऱ्याचदा कमी होतात, पण घाम तिच्यामुळेही वाढतो. त्यात भुसावळ-रावेरकडचा 45 अंशांचा मे आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. बोलण्यात गोंधळ, तोल जाणं दिसलं की ‘ऊन लागलं’ म्हणून पन्हं देत बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन सोडियम तपासा. थायरॉइड, हिमोग्लोबिनही बघून घ्या.

हार्मोनचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर आधी सांगा. पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन या उदासीवरच्याच दुसऱ्या गोळ्यांनी टॅमॉक्सिफेनचा असर घटतो.

‘जगावंसं वाटत नाही’ असं त्या एकदा जरी म्हणाल्या, तरी एकटं ठेवू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीही लागतो.