दोन कप ओतले, अख्खं कपाट मागितलं: फोमच्या कॅटॅलिस्टची पेटंटं कशी तपासावीत?

फोमवाला (धागाकर्ता)

पॉलियुरेथेन फोमची फॉर्म्युलेशनं बसवणं हे माझं रोजचं काम. त्यापायी कॅटॅलिस्टची (क्रियेचा वेग वाढवणाऱ्या रसायनांची) पेटंटं वाचावी लागतात आणि दर चौथ्या पेटंटला डोकं फिरतं. परवा वाचलेल्या एका अर्जाचा पहिला दावा (म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते सांगणारं वाक्य) सांगतो, तपशील जरा बदलून: "एक तृतीयक अमाइन, आणि बिस्मथ, झिंक, झिर्कोनियम किंवा टायटॅनियम यांपैकी एका धातूचं कार्बोक्झिलेट, दोन्ही मिळून १०० भाग पॉलिऑलमागे ०.०१ ते ५ भाग." म्हणजे रेंज पाचशे पट. आत उदाहरणं किती? दोन. दोन्हींत बिस्मथ निओडेकॅनोएट, दोन्हींत तेच एक अमाइन. झिर्कोनियमच्या बाटलीचं बूच तरी उघडलं होतं का, देव जाणे.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९३७ मध्ये ऑटो बायर यांच्या चमूनं लेव्हरकुझेनला हे रसायन काढलं, तेव्हापासून मूळ गोष्ट तीच आहे. आयसोसायनेटची पॉलिऑलशी क्रिया होऊन जाळं बनतं, त्याला आम्ही जेल म्हणतो. त्याच आयसोसायनेटची पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो ब्लो. दोन्ही एकाच भांड्यात, एकाच वेळी. गॅस आधी सुटला आणि जाळं मागे राहिलं तर फोम फाटतो किंवा बसतो. जाळं पुढे गेलं तर पेशी बंद राहतात आणि थंड झाल्यावर ब्लॉक आक्रसतो. ही शर्यत जुळवायचं काम कॅटॅलिस्टचं. अमाइन ब्लोकडे जास्त झुकतात, टिन जेलकडे. (डॅब्को अमाइन असूनही जेल छान ओढतो, त्यामुळे हा नियम ढोबळच समजा.)

आता कपात बघा. नेहमीचा मऊ फोम: पॉलिऑल १००, पाणी ४, सिलिकॉन १, अमाइन ०.१ आणि स्टॅनस ऑक्टोएट (हेच ते टिन) ०.२. टीडीआय (आयसोसायनेट) ओतलं की दहाएक सेकंदांत क्रीम येतं (मिश्रण दुधाळ होऊन फुगायला लागतं), दीडेक मिनिटात कप भरून वर. टिन ०.१५ केलं की पोटात भेग. ०.३ केलं की दुसऱ्या दिवशी सुकलेला आवळा. सगळा खेळ ०.१५ भागांचा, आणि दावा ०.०१ ते ५!

माझं म्हणणं एवढंच: अर्जदार एकाच सुनावणीत दोन तोंडांनी बोलतो. इन्व्हेंटिव्ह स्टेपचा (हा शोध जाणकाराला उघड होता की नव्हता, याचा) मुद्दा निघाला की, "साहेब, कॅटॅलिसिस फार बेभरवशाचं, हे चालेल असं कुणाला वाटलंही नसतं." व्याप्तीचा मुद्दा निघाला की, "बिस्मथवर चाललं म्हणजे झिर्कोनियमवर चालणारच, जाणकाराला ते सहज कळतं." दोन्ही खरं कसं असेल? एक्झामिनरनं, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं, पहिलं मान्य केलं तर दावा उदाहरणांच्या आसपासच आवळायला हवा.

दावेदार

धंद्यानं पेटंट एजंट आहे, तेव्हा आधीच कबूल करतो की या वादात माझी पोळी भाजली जाते.

फोमवाले, तुमचा नियम उद्या लागू झाला असं धरा. माझ्या अशिलाला फक्त "बिस्मथ निओडेकॅनोएट, ०.२ ते ०.४ भाग" एवढंच मिळालं. पेटंट प्रसिद्ध झालं की परवा स्पर्धक निओडेकॅनोएटच्या जागी ऑक्टोएट घालेल आणि तोच माल विकेल. वाट अशिलानं काढायची आणि चालायचं दुसऱ्यानं. मग तो पेटंट कशाला घेईल? ड्रमवर कोड नंबर चिकटवून मिश्रण विकेल आणि आत काय आहे ते गुपित ठेवेल. तुम्हाला वाचायला आज जी उदाहरणं मिळतात, तीही मिळणार नाहीत.

आणि रेंज रुंद म्हणून आरडाओरडा करताना एक विसरता: ०.१५ भागांची खिडकी तुमच्या त्या एका फॉर्म्युलेशनची आहे. कडक फोम, इलॅस्टोमर, कोटिंग यांत डोस वेगळे. दाव्यानं सगळ्यांना पुरायला हवं.

जेलटाइम

@दावेदार, गुपिताची भीती फार ताणू नका. अमाइन असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफी, धातू असेल तर आयसीपी; प्रतिस्पर्ध्याचा ड्रम उघडून आत काय आहे ते दोन दिवसांत कळतं. आम्ही सगळेच करतो.

दावेदार

ड्रमचं कळतं. तयार फोमचं सांगा. हल्लीची कमी उत्सर्जनाची अमाइन्स हायड्रॉक्सिल गट घेऊन येतात आणि पॉलिमरच्या साखळीतच अडकून बसतात. गाडीच्या सीटमधला तुकडा कापून त्यातून ते अमाइन जसंच्या तसं बाहेर काढून दाखवा, मी इथे जाहीर माफी मागतो.

जेलटाइम

बरं, तिथे अडलो. पण मग उल्लंघन सिद्ध करणंही तुमच्या अशिलाला तितकंच जड. रुंद दावा घेऊन तो करणार काय, भिंतीवर लावणार?

निवृत्त_परीक्षक

दोघांचं वाचलं. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बरीच वर्षं काढली, तेव्हा थोडं लांबण लावतो.

वर्गीकरणात या अर्जांचं घर ठरलेलं: सी०८जी १८/१६ कॅटॅलिस्ट, त्याखाली १८/१८ अमाइन, १८/२२ धातूंची संयुगं, १८/२४ टिन. शोध तिथून सुरू होतो. नाव सरळ असेल तर प्रायर आर्ट, म्हणजे आधीचं ज्ञात काम, सापडतं. खरी पंचाईत होते ती पॅरामीटर दाव्यांत. "ज्याचं जेल-ब्लो गुणोत्तर अमुक ते तमुक आहे असं अमाइन", आणि ते गुणोत्तर मोजायची पद्धत अर्जदारानं स्वतःच बांधलेली. जुन्या कुठल्याही कागदावर तो आकडा असणार नाही, कारण तो कुणी कधी मोजलेलाच नाही. चाळीस वर्षं विकलं जाणारं अमाइन त्या आकड्यात चपखल बसत असेल, पण दाखवणार कसं? एक्झामिनरकडे कप नसतो, फ्यूम हूड नसतं. मग आम्ही ओझं उलटवायचो: रचना सारखी दिसते, तेव्हा गुणधर्मही तोच असणार, नसेल तर तुम्ही दाखवा.

फोमवाल्यांचा "दोन तोंडांचा" मुद्दा नवीन नाही. युरोपियन पेटंट ऑफिसच्या अपील मंडळानं टी ९३९/९२ मध्ये, म्हणजे अॅग्रेव्हो प्रकरणात, तणनाशकांबद्दल हेच धरलं: इन्व्हेंटिव्ह स्टेप ज्या परिणामावर उभी आहे तो परिणाम दाव्यातल्या जवळजवळ सगळ्या संयुगांत मिळतो हे पटायला हवं. अमेरिकेत २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अॅम्जेन विरुद्ध सनोफीत २६ अँटिबॉडी सांगून त्या कामाच्या सगळ्याच अँटिबॉडी मागणारा दावा एकमतानं पाडला. तो दावा कामावरून अख्खा वर्ग मागत होता, इथे निदान धातूंची नावं आहेत. तरी न्यायालयाचं सूत्र लागू पडतं, जेवढं मागाल तेवढं करता येईल असं शिकवा. कायदा आहेच. तो प्रत्येक फायलीत लावायला वेळ आणि डेटा लागतो, गाडी तिथे अडते.

फोमवाला

अगदी! मग डेटा नसेल तर दावा आवळा. यात अवघड काय?

निवृत्त_परीक्षक

अवघड हे की डेटा असतो, पण कसा असतो ते बघावं लागतं. आमच्याकडे आलेली एक तुलना अजून आठवते. तक्ता देखणा: नवं अमाइन ०.३ भाग, तुलनेचं जुनं डॅब्को ०.३ भाग, नव्याचा जेल टाइम जवळजवळ निम्मा. "अनपेक्षित परिणाम" म्हणून अधोरेखित. तळटीप वाचली तेव्हा कळलं की जुनं म्हणजे बाजारात मिळणारं ३३ टक्क्यांचं द्रावण, बाकी ६७ टक्के डायप्रोपिलीन ग्लायकॉल. म्हणजे ०.३ ची तुलना ०.१ शी! तीन माणसं एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, आणि रस्सीखेच जिंकली म्हणून पेढे. वर त्या ग्लायकॉलचे हायड्रॉक्सिल गट आयसोसायनेट खातात, इंडेक्स (आयसोसायनेटचं प्रमाण) सरकतो, तो हिशेबातच नव्हता.

जेलटाइम

हाहाहा, हे भारी. आणि हे रसायनाच्या एक्झामिनरला दिसलं. ज्यानं कधी कप ओतला नाही त्याला दिसलं असतं का? मी तर म्हणतो मागणी वेगळीच करा: तुलना समान वजनावर नको, समान क्रीम टाइमवर करा. दोन्ही फॉर्म्युलेशनं एकाच वेळी फुलायला लागतील असे डोस ठेवा, मग पुढे जेल, राइज, श्रिंकेज काय होतं ते दाखवा. फोमवाला कामावर असंच करतो, पेटंटात का नाही?

कुतूहल_०७

विद्यार्थी आहे, चूक असेल तर सांभाळून घ्या. उदाहरणं खरी केलेली आहेत की नुसती लिहिलेली, हे कसं ओळखायचं?

दावेदार

क्रियापदाचा काळ बघ. अमेरिकेत न केलेलं उदाहरण देता येतं, पण ते भूतकाळात लिहायचं नाही. "मिसळले, ४० सेकंद घेतले" म्हणजे केलेलं. "मिसळतात, फोम मिळतो" म्हणजे बहुधा कागदावरचं. भाषांतरात हा काळ घसरला की कल्पनेतला फोम खराखुरा फुगतो.

बिस्मथप्रेमी

धागाकर्त्याशी असहमत, आणि हे मी रसायनवाला म्हणून सांगतोय. तुमचा नियम कडक लावला तर चांगल्या शोधांचाही बळी जाईल. डबल मेटल सायनाइड आठवा, झिंक हेक्झासायनोकोबाल्टेट. हा फोममधला कॅटॅलिस्ट नव्हे, फोमचं पॉलिऑल बनवतानाचा. १९६० च्या दशकात जनरल टायर या कंपनीनं काढला, पण मोठा वापर व्हायला १९९० चं दशक उजाडलं. तेव्हा सुधारणा काय झाली? ग्लाइमच्या जागी टर्शरी ब्युटाइल अल्कोहोल हा लिगँड (धातूला चिकटणारा रेणू) घातला. कागदावर बघा: एक सॉल्व्हंट काढला, दुसरा घातला. "उघड आहे, नामंजूर" असा शिक्का मारायला दोन मिनिटं लागली असती. प्रत्यक्षात सक्रियता इतकी वाढली की दशलक्षात काही दहा भाग कॅटॅलिस्ट पुरायला लागला, तो काढूनही टाकावा लागेना. पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं केलेल्या पॉलिऑलमध्ये एका टोकाला दुहेरी बंध असलेले मोनॉल (एकच हायड्रॉक्सिल असलेले रेणू) राहतात, तेही जवळपास गेले.

फोमवाला

उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत की! तिथे सक्रियतेचे आकडे होते, जुन्या लिगँडशी तुलना होती. बदल किती मोठा दिसतो यावर मी कधी बोललोच नाही. बदलानं काय झालं ते मोजून दाखवलं असेल तर खुशाल घ्या पेटंट. माझा राग झिर्कोनियमच्या न उघडलेल्या बाटलीवर आहे.

बिस्मथप्रेमी

ठीक, पण मग टिन-मुक्तीचं घ्या. युरोपनं २०१२ पासून सामान्य ग्राहकांसाठीच्या मालात डायब्युटाइल टिनवर, टिन म्हणून मोजून, ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. साहजिकच सगळे बिस्मथ-झिंककडे धावले. एक्झामिनर म्हणतो, "पर्याय शोधायचं कारण सगळ्यांनाच होतं, म्हणून उघड आहे." अहो, शोधायचं कारण असणं आणि सापडेल याची खात्री असणं यात फरक आहे. बिस्मथ कार्बोक्झिलेट पाणी असलेल्या पॉलिऑल मिश्रणात ठेवा, हळूहळू जलविघटन होऊन त्याची ताकद जाते. आज केलेला कप आणि महिन्याभरानं केलेला कप यांत जमीन-अस्मान. ज्यानं ते टिकवून दाखवलं त्यानं कमाई केली आहे.

निवृत्त_परीक्षक

मान्य. त्यानं टिकाऊपणाचा तक्ता दिला असता तर मी सही केली असती. "टिनशिवायही फोम झाला" एवढ्यावर नाही.

तुमच्या बोलण्यातून एक उपमुद्दा निघतो. स्टॅनस ऑक्टोएटही हवा-ओल लागली की ऑक्सिडाइज होऊन मंदावतं. तुलनेचा जुना कॅटॅलिस्ट सहा महिने उघड्या बाटलीतला आणि नवा ताजा, असं झालं तर? फायलीत बाटलीची तारीख कुणी लिहीत नाही.

दावेदार

आता बाटलीची जन्मपत्रिकाही जोडू का? :)

गंमत सोडा. भारतीय कायद्याच्या कलम ३(ई) खाली नुसत्या मिश्रणाला पेटंट नाही. घटकांच्या गुणांची बेरीज एवढंच असेल तर बाद, त्यापलीकडे काही दाखवा. अमेरिकेत १९८० च्या कर्कोव्हेन निकालापासून एकाच कामाच्या दोन ज्ञात मिश्रणांना एकत्र करणं प्रथमदर्शनी उघड धरतात. म्हणजे मिश्रणाच्या अर्जदाराचे हात आधीच पिरगाळलेले आहेत. त्यात प्रत्येक धातूवर प्रयोग करा म्हणालात तर मोठ्या प्रयोगशाळा ते करतील, दोन माणसांची कंपनी मरेल.

फोमवाला

दोन माणसांच्या कंपनीत मी काम केलंय. एक कप ओतायला दहा मिनिटं लागतात, दुसऱ्या दिवशी कापून बघायला पाच. चार धातू, तीन डोस: बारा कप. एक दुपार! तुमच्या मसुद्याच्या बिलात ती कुठे हरवेल कळणारही नाही.

दावेदार

आणि त्या बारांत झिर्कोनियमचे तीन कप खाली बसले तर?

फोमवाला

तर दाव्यातून झिर्कोनियम जाईल.

दावेदार

किंवा अशील म्हणेल की ते तीन कप ओतलेच नव्हते असं समजू. न केलेल्या प्रयोगापेक्षा लपवलेला प्रयोग वाईट, आणि तुमचा नियम लपवायलाच शिकवतो.

जेलटाइम

याला माझ्याकडे उत्तर नाही. फोमवाले, तुमच्याकडे?

निवृत्त_परीक्षक

पूर्ण उत्तर नाही, पण एक सांगतो. युरोपात २०२३ च्या जी २/२१ निकालानंतर, अर्जानंतर दिलेला पुरावा केवळ उशिरा आला म्हणून बाजूला टाकता येत नाही. पण तो परिणाम मूळ अर्जावरून जाणकाराला काढता आला पाहिजे. म्हणजे सगळे बारा कप पहिल्याच दिवशी हवेत असं नाही. एक्झामिनरनं झिर्कोनियमवर बोट ठेवावं, मग अर्जदारानं कप ओतावा नाहीतर शब्द खोडावा. मी बहुतेक फायलींत एवढंच करायचो. दहांतले सात-आठ जण शब्द खोडायचे, वाद न घालता.

फोमवाला

सात-आठ जण वाद न घालता खोडायचे, म्हणजे बाटली उघडलीच नव्हती.

दावेदार

किंवा उघडली होती, आणि कप बसला होता.