एंडगेम: म्हातारा कॅप्टन बाकावर आला कुठून?

वाइंडिंगवाला_पाचोरा

मंडळी, वाद जुना आहे. पण परवा घरात परत पेटला, म्हणून इथे टाकतोय.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी आली. भाचा अकरा वर्षांचा, कल्याणला असतो. दुपारचं बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, म्हणून कूलरसमोर बसून त्यानं 'अ‍ॅव्हेंजर्स एंडगेम' लावला. मी दुकानातून जेवायला आलो होतो. तसाच हातात पोळी धरून शेवटचा तास बघत उभा राहिलो, आणि तिकडे गिऱ्हाइकाची पाच एचपीची सबमर्सिबल मोटर टेबलावर उघडी पडलेली. सिनेमा संपल्यावर पोरगं मला विचारतं, "मामा, कॅप्टन अमेरिका टाइम मशीनवर का नाही आला? बाकावर कसा काय बसला?"

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण याच प्रश्नावर माझी एक पैज २०१९ पासून अडकून पडलीय.

तेव्हाचं सांगतो. सिनेमा लागला २६ एप्रिलला, शुक्रवारी. आम्ही दोघं दोस्त रविवारी जळगावला गेलो. आमच्याकडे मतदान २३ तारखेला होऊन गेलेलं, माझ्या बोटाला शाई. दोस्त शिरपूरचा, त्याचं मतदान २९ ला, म्हणून तो मला सारखं चिडवत होता की तुझा निकाल लागला, माझा अजून हातात आहे. हिंदीतला शो, पुढच्या दोन रांगा नुसत्या कॉलेजच्या पोरांच्या. कॅप्टननं थॉरचा हातोडा उचलला तेव्हा जो काही आरडाओरडा झाला, तसा मी थेटरात पुन्हा ऐकला नाही. माझ्या शेजारचे एक काका, साठीचे असतील, खांद्यावरचा रुमाल काढून फिरवत होते. त्यांना हातोड्याची गोष्ट माहीत होती की नाही, देव जाणे. शेवटच्या अर्ध्या तासात एसी बंद पडला तरी कोणी उठलं नाही. आयर्न मॅन गेला तेव्हा सगळे गप्प. आमचा शिरपूरवाला डोळ्यात घाम गेला म्हणाला.

बाहेर आलो, रस्त्यावरच्या ढाब्यावर शेवभाजी सांगितली, आणि ती येईपर्यंत भांडण लागलं.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: थॅनॉस नावाच्या खलनायकानं सहा शक्तीच्या खड्यांनी चुटकी वाजवून अर्धी दुनिया गायब केलेली. ती परत आणायला हिरोंनी टाइम मशीननं मागच्या काळातून ते खडे आणलेले. शेवटी कॅप्टन सहाही खडे आणि हातोडा घेऊन मागच्या काळात जातो, ज्याचं त्याला परत करायला. मशीन चालवणारा बॅनर म्हणतो, इथल्या हिशोबानं पाच सेकंदांत येईल. पाच सेकंद होतात, मशीन रिकामं. आणि थोडं लांब तळ्याकाठी बाकावर म्हातारा कॅप्टन बसलेला. मागे राहून जुन्या प्रेयसीबरोबर, पेगीबरोबर, संसार करून आला.

दोस्ताचं म्हणणं, तो याच काळात राहिला. आपण आधीचे सिनेमे बघत होतो तेव्हाही हा म्हातारा कुठेतरी घरात बसलेला होताच. माझं म्हणणं, असं होणार नाही. सिनेमातच सांगितलंय की मागे जाऊन काही बदललं की तिथून नवा फाटा फुटतो, आपला काळ आहे तसाच राहतो. मी माझ्या धंद्यातलं उदाहरण दिलं. थ्री फेजच्या मोटरीच्या दोन वायरी आलटून पालटून जोडल्या की मोटर उलटी फिरते. पण मोटर उलटी फिरली म्हणून काल शेतात गेलेलं पाणी विहिरीत परत येत नाही! दोस्त म्हणाला, तू मोटरी जाळ, सिनेमा मला सांगू नको.

ठरलं, जो हरेल त्यानं शेवभाजी द्यायची. त्या दिवशीचं बिल कोणी दिलं ते आठवत नाही, म्हणजे मीच दिलं असणार.

माझा अडकलेला काटा असा: तो दुसऱ्या फाट्यावर राहिला असेल तर परत येताना मशीनवर उतरायला पाहिजे होता. मग बाकावर कसा? माझ्या बाजूनं बोलायला गेलं की इथेच मोटर जाम होते. कोणी नीट सोडवून सांगेल का? भाचा शनिवारी जाणार आहे.

भो_धुळेकर

अरे भो, तुन्हं डोकं तपी गयं का? ४४ डिग्रीमा टाइम ट्रॅव्हल काढी बसना. मले ते सिनेमामा एकच समजनं: एक उंदीर. गोडाउनमा त्या उंदरानी बटन दाबं, तवय अँटमॅन बाहेर उना. उंदीर नसता तर बठ्ठं खलास. अर्धी दुनिया एका उंदरानी वाचाडी. त्याले कोनी मेडल दिधं का?

निवृत्त_सांधेवाला

भुसावळ. तीस वर्षं रेल्वेत काढली, त्यातली बरीच केबिनमध्ये. नातवंडांमुळे हे सगळे सिनेमे बघावे लागले. पाचोरेकर, तुमचं मोटरचं उदाहरण पुरत नाही. रुळांवर या.

मुंबईकडून गाडी भुसावळला येते. पुढे दोन वाटा. एक बोदवड, मलकापूर, अकोला करत नागपूरकडे. दुसरी सावदा, रावेर, बऱ्हाणपूर करत खंडव्याकडे. कुठे जायचं ते सांधा ठरवतो. आता समजा एक गाडी मलकापूरला पोचली. तुम्ही मागे भुसावळला आलात आणि सांधा खंडव्याकडे टाकलात. म्हणून मलकापुरात उभी असलेली गाडी हवेत विरते का? नाही. मागून येणारी गाडी रावेरला जाईल, एवढंच. पुढे गेलेल्या गाडीला मागच्या सांध्याशी देणंघेणं नाही.

हे सिनेमात पक्कं आहे. पुरावा नेब्युला, थॅनॉसची मुलगी. २०२३ ची नेब्युला २०१४ च्या नेब्युलाला, म्हणजे स्वतःलाच गोळी घालते, आणि मारणारी जिवंत राहते. जुन्या गोष्टींतला नियम असता तर ती जागच्या जागी नाहीशी झाली असती. तसंच थॅनॉसचं. २०१४ चा थॅनॉस फौज घेऊन पुढे आला आणि इथे राख झाला. मग २०१८ ला चुटकी वाजवली कोणी? आपल्या रुळावरच्या थॅनॉसनं. त्याची गाडी कधीच पुढे गेली होती. आमच्या घरात यावर दोन दिवस वाद झाला, शेवटी मी ताटल्या मांडून दाखवलं तेव्हा सून म्हणाली, आता जेवा.

आता बाक. खंडवा लाइनवर राहणारा माणूस मलकापूरला यायचा तर त्याला आधी उलटा भुसावळला येऊन गाडी बदलावी लागेल, आणि मलकापूरच्या फलाटावर उतरावं लागेल. तो फलाटावर दिसला नाही, स्टेशनबाहेरच्या बाकावर दिसला. दोनच शक्यता. एक, तो मुळात याच लाइनवर होता, तुमचा दोस्त जिंकला. दोन, तो आधीच्या गाडीनं येऊन बाहेर चहा पीत बसला होता. मशीन काय, मनगटावरचं यंत्र लावून हवा तो क्षण निवडता येतो. पाच मिनिटं आधी उतरला असेल.

माझं मत दुसऱ्या शक्यतेकडे. पण शपथेवर सांगणार नाही.

शिक्षिका_अमळनेर

सांधेवाले काका, शंभरपैकी शंभर. फक्त एक भर. या प्रश्नावर सिनेमा बनवणाऱ्यांचंच एकमत नाही. दिग्दर्शक रुसो बंधू मुलाखतीत म्हणाले की कॅप्टन दुसऱ्या फाट्यावर राहिला आणि तिथून परत आला. पटकथा लिहिणारे मार्कस आणि मॅकफीली म्हणाले की तो इथेच होता, पेगीचा जो नवरा आपल्याला कधी दाखवला नाही तो हाच. नवरदेवाकडचे एक सांगतात, नवरीकडचे एक. वऱ्हाडी मंडळींनी कोणाचं ऐकायचं?

पण मला लेखकांचं पटत नाही, आणि ते गणितामुळे नाही, माणसामुळे. तो इथेच राहिला असेल तर त्याला सगळं ठाऊक होतं. जिवलग मित्र बकीला हायड्रा ही दुष्ट संघटना कुठे छळतेय, शील्ड या हेरखात्याच्या आतच हायड्रा कशी पोसली जातेय, १६ डिसेंबर १९९१ ला टोनीच्या, म्हणजे आयर्न मॅनच्या, आईवडिलांचं काय होणार आहे. हे सगळं माहीत असून हा माणूस घरात बसून बागेला पाणी घालत राहिला? जो आयुष्यात कुठल्याही भांडणातून मागे हटला नाही तो? माझ्या वर्गातला 'क' तुकडीचा पोरगासुद्धा हे मानणार नाही. शिवाय शॅरन. पेगीच्या भाचीचं त्यानं २०१६ च्या सिनेमात चुंबन घेतलंय. इथेच राहिला असेल तर ती त्याच्या बायकोची भाची झाली! आमच्या घरी हा मुद्दा निघाला तेव्हा सासूबाईंनी टीव्ही बंद केला.

आणखी एक. जयंत नारळीकरांची पानिपतावरची गोष्ट आठवते का? गंगाधरपंत एका अशा जगात जाऊन येतात जिथे विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि पानिपत मराठ्यांनी जिंकलं. परत आल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मग खिशातून बखरीचं एक फाटकं पान निघतं. तिकडचं पान, जे इकडच्या बखरीत नाही. वाद तिथे मिटतो.

तर माझा प्रश्न: कॅप्टनच्या खिशात काय निघालं?

मुक्ताईनगरकर

आमच्या भागात चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांचं देऊळ आहे, तापी-पूर्णेच्या संगमावर. प्रत्येक वेळी मरण आलं की त्यांनी म्हणे काळाला चुकवलं. आणि एवढं जगून ज्ञानेश्वरांना पत्र पाठवलं ते कोरं, तर चार भावंडांतली सगळ्यांत धाकटी मुक्ताई म्हणते हा कोराच राहिला; मग वाघावर बसून आले तर समोर भिंतीवर चारही भावंडं. तुम्ही सत्तर वर्षांच्या हिशोबावर एवढे भांडताय म्हणून आठवलं. बाकी चालू द्या. उंदराचा मुद्दा मात्र बिनतोड आहे.

वाइंडिंगवाला_पाचोरा

सांधेवाले काका, तुमचा मेसेज भाच्याला मोठ्यानं वाचून दाखवला. ताटल्या मांडल्या. आमच्याकडे एका लाइनवर कुरडया आणि दुसरीवर पापड ठेवले, उन्हात वाळत घालायला काढलेलेच होते. आईनं दोघांना हाकललं.

ताई, तुमचा खिशाचा प्रश्न वाचल्यावर पोरगं गप्प बसलं. मग रिमोट घेऊन शेवटचा भाग परत लावला, पुढे, मागे, थांबव, परत मागे. लाइट दोनदा गेली, तरी उठला नाही. आणि एकदम ओरडला, "मामा, ढाल!"

बघा आता. लढाईत थॅनॉसनं कॅप्टनची ढाल तलवारीनं तोडली, अर्धी उडाली. हे सगळ्यांना आठवतं. नंतर तो खडे परत करायला निघाला तेव्हा एका हातात पेटी, एका हातात हातोडा. ढाल नाही. आणि म्हातारा होऊन बाकावर बसला तर बाजूला गोल कातडी पिशवी, त्यातून काढून दोस्त सॅमला दिली ती अख्खी ढाल. एक ओरखडा नाही.

आली कुठून? मी तो सिनेमा चार-पाचदा तरी बघितला असेल. रोज जळालेल्या मोटरीतून तुटलेला केसाएवढा तार शोधून काढणारा माणूस मी, आणि एवढी मोठी ताटाएवढी वस्तू दिसली नाही. आपल्या रुळावरची ढाल तुटली. म्हणजे ही दुसऱ्या रुळावरची. गंगाधरपंतांचं पान!

शिरपूरकर, तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे. शेवभाजी.

शिरपूरचा_दोस्त

वाचतोय कधीचा. भाच्याला माझ्याकडून शंभर रुपये दे, मी तुला नंतर देतो.

पण ढालीचं धातू येतं वाकांडातून, म्हणजे टी'चाला राजाच्या देशातून, आणि वाकांडा सिनेमाच्या शेवटी उघडं आहे, टी'चालासकट सगळे परत आलेत. म्हाताऱ्यानं मधल्या काळात तिकडून नवी बनवून घेतली नसेल कशावरून? सत्तर वर्षं मोकळा होता तो. तू म्हणतो बागेला पाणी घालत होता... ते तर ताई म्हणाल्या. बरं, एवढा वेळ असल्यावर एक ढाल सहज.

आणि त्या दिवशीचं बिल मी दिलं होतं. १८० रुपये. तू पाकीट मोटरसायकलच्या डिकीत विसरला होतास.

वाइंडिंगवाला_पाचोरा

भाच्याला वाकांडाचं विचारलं. तो म्हणतो, "मग म्हाताऱ्यानं ढाल बनवून घेतली तर ती वाकांडाच्या राजाला माहीत असणार, आणि राजा कॅप्टनला सिनेमात भेटला तेव्हा काहीच का नाही बोलला?" यावर तू बोल.

१८० चं खरं असेल. पाकीट डिकीत होतं हे आठवलं. म्हणजे ढाल माझी, बिल तुझं. शनिवारी बहिणीला सोडायला स्टेशनवर जाणार आहे, त्यानंतर मोकळा. तू अमळनेरपर्यंत ये, मी तिथे येतो. शेवभाजी अर्धी अर्धी, कळण्याची भाकरी तुझ्या खात्यावर.

ती पाच एचपी अजून टेबलावरच आहे, गिऱ्हाईक दोनदा फोन करून गेलं.