मदत हवी आहे: गावरान पिल्लांतले कोंबडे आणि तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) लवकर कशा ओळखायच्या? (धायरी, पुणे)

नमस्कार. खुडूक कोंबडीखाली १४ अंडी रवणीला बसवली होती, ११ पिल्लं निघाली. आज ती २३ दिवसांची आहेत. अंडी तीन कोंबड्यांची होती, दोन साध्या गावरान आणि एक उघड्या मानेची. नर एकच, लाल-काळा, सरळ करवती तुऱ्याचा.

जागा रो-हाउसच्या मागचं अंगण. खुराडं ४ फूट बाय ६ फूट. दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून घरं आहेत, त्यामुळे आरवणारा कोंबडा ठेवता येणार नाही. पाच-सहा तलंगा ठेवायच्या आणि बाकीची पिल्लं आरवायला लागायच्या आत मावळातल्या नातेवाइकांकडे पाठवायची आहेत.

आतापर्यंत ऐकलेल्या पद्धती अशा: टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी. टॉर्चवर अंडं धरलं आणि हवेची पोकळी मधोमध दिसली तर कोंबडा, कडेला सरकलेली दिसली तर कोंबडी. दोऱ्याला अंगठी बांधून पिल्लावर धरली आणि ती गोल फिरली तर मादी, रेषेत हलली तर नर. पिल्लू उचलल्यावर पाय पोटाशी घेतलं तर मादी, लोंबते सोडले तर नर. रुमाल हवेत उडवल्यावर ताठ उभं राहतं ते नर, दबून बसतं ते मादी.

यातल्या कशावर भरवसा ठेवावा? आणि २३ व्या दिवशी नक्की काय बघायचं?

प्रतिसाद १ (उरुळी कांचन)

आधी अंड्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे.

माणसात बापाकडून लिंग ठरतं, पक्ष्यांत आईकडून. कोंबड्यात झेड-झेड अशी गुणसूत्रांची जोडी असते, कोंबडीत झेड-डब्ल्यू. बलकात झेड राहणार की डब्ल्यू, हे बलक बीजकोशातून सुटतानाच ठरून जातं. त्यानंतर अंडं नळीतून खाली सरकतं, त्यावर पांढरा भाग चढतो, मग पातळ पडदा, मग कवच. या सगळ्याला साधारण एक दिवस लागतो आणि त्यातले वीसेक तास एकट्या कवचाला जातात. म्हणजे अंड्याला आकार येतो तेव्हा लिंगाचा निकाल कधीच लागलेला असतो. टोकदार की गोल, हे त्या कोंबडीच्या नळीच्या घडणीवर अवलंबून असतं. एकच कोंबडी बहुतेक सारख्याच आकाराची अंडी देते, आणि तरीही तिच्या पिल्लांत कोंबडे आणि कोंबड्या दोन्ही निघतात. ज्याच्या घरी दोन-तीन कोंबड्या आहेत त्याने अंड्यांवर पेन्सिलीने खूण करून बघावं, लगेच कळेल.

हवेची पोकळी अंडं थंड होताना जाड टोकाला तयार होते. अंडं हलवलं, आडवं ठेवलं, शिळं झालं की ती मोठी होते आणि कधी सरकतेही. लिंगाशी तिचा संबंध नाही. टॉर्च वापरायचाच तर सातव्या दिवशी गर्भ वाढतोय का हे बघायला वापरा.

उन्हाळ्यात कोंबडे जास्त निघतात असंही सांगतात. कासवांच्या काही जातींत उष्णतेवर लिंग ठरतं, कोंबड्यांत नाही. उष्णता जास्त झाली तर गर्भ मरतो, मादीचा नर होत नाही.

अंगठी दोऱ्याला बांधली की धरणाऱ्याच्या बोटांच्या सूक्ष्म हालचालीनेच ती डोलते, आणि मनात जे असतं तिकडे हात नकळत झुकतो. डोळ्यांवर पट्टी बांधून तेच पिल्लू तीनदा ठेवून बघा, तीनदा एकच उत्तर येईलच असं नाही.

पाय पोटाशी घेणं किंवा लोंबते सोडणं हे पिल्लाला ऊब आहे का, पोट भरलंय का, तुम्ही कसं धरलंय यावर ठरतं. पाय धरून उलटं लटकवू नका. तीन आठवड्यांच्या पिल्लाचा सांधा निसटायला वेळ लागत नाही.

प्रतिसाद २ (भोर)

रुमालाची पद्धत अगदीच टाकाऊ नाही. नर पिल्लं थोडी धीट असतात, इशारा ऐकला की मान ताठ करतात. पाच-सहा आठवड्यांपुढे हे दिसतं. आमच्या भागातली जुनी माणसं यावरून बरोबर सांगतात.

प्रतिसाद १ (उरुळी कांचन)

धीटपणात फरक दिसतो हे मान्य. पण त्याच वयात तुराही दिसू लागतो, आणि सांगणाऱ्याची नजर आधी तुऱ्यावर जाते. शिवाय घोळक्यातलं वरचढ पिल्लू मादी असलं तरी ताठ उभं राहतं.

"बरोबर सांगतात" याचा हिशोबही बघा. ११ पिल्लं आहेत. प्रत्येकासाठी नुसतं नाणं उडवलं तरी ७ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे २७ टक्के आहे. म्हणजे चार जणांनी नाणं उडवलं तर एखाद्याला सात बरोबर सहज मिळतात, आणि गावभर त्याचंच नाव होतं. ९ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता मात्र साधारण ३ टक्केच. कोणतीही पद्धत तपासायची तर अंदाज आजच कागदावर लिहा आणि बाराव्या आठवड्यात ताडून बघा. आठवणीवर विसंबू नका, चुकलेले अंदाज आठवणीतून आधी गळतात.

याच हिशोबाने आणखी एक सांगतो. ११ पैकी ८ किंवा जास्त कोंबडेच निघण्याची शक्यता सुमारे ११ टक्के असते. तलंगा पाच-सहा मिळतीलच असं धरून बसू नका.

धागाकर्ता

मन:पूर्वक आभार. अंदाज लिहून ठेवायची कल्पना पटली. आजची निरीक्षणं:

उघड्या मानेची ३ पिल्लं आहेत. क्रमांक २, ५ आणि ९ यांची शेपटी छान फुटली आहे, खांद्यावरही पिसं आली आहेत. क्रमांक ३ आणि ७ यांची शेपटी अगदी आखूड, पाठ उघडी, पण पाय जाड आणि तुरा किंचित वर आलेला. बाकीची मधली वाटतात. एका नातेवाइकाने मागचं द्वार दाबून बघायला सांगितलंय. करू का?

प्रतिसाद ३ (सासवड)

द्वार दाबून बघू नका. ही पद्धत जपानमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित झाली. ती एक दिवसाच्या पिल्लावर, चांगल्या उजेडात, प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने करायची असते. त्यात आतला लहानसा उंचवटा बघतात, आणि कित्येक माद्यांतही तसा उंचवटा असतो, म्हणून शिकायला बराच काळ जातो. नवख्या हाताने दाबलं तर आतड्याला इजा होते, अगदी लहान पिल्लात पोटातला उरलेला बलक फुटतो. तुमची पिल्लं तर त्या वयाच्या पुढे गेली आहेत.

पंखाची पिसं मोजायचीही पद्धत आहे: मादीची मोठी पिसं वरच्या आच्छादक पिसांपेक्षा लांब, नराची सारखी. ही खरी आहे, पण फक्त ठरवून केलेल्या संकरात आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच. त्यात मंद पिसं येण्याचा गुण आईकडे आणि जलद पिसांचा गुण बापाकडे असावा लागतो. गावरान घोळक्यात आईबापांचे गुण माहीत नसतात, म्हणून तिथे हे मोजमाप काही सांगत नाही.

तुमची निरीक्षणं मात्र उपयोगाची आहेत. गावरानात शेपटी आणि खांद्याची पिसं तलंगेला बऱ्याचदा आधी फुटतात, नर पिल्लं जास्त दिवस उघडी राहतात. म्हणून २, ५, ९ तलंगा आणि ३, ७ कोंबडे असा कच्चा अंदाज लिहा. उघड्या मानेच्या पिल्लांना हा निकष लावू नका. त्यांच्या अंगावर मुळातच पिसं कमी असतात.

पुढे काय बघायचं ते क्रमाने:

सहावा ते आठवा आठवडा: तुरा आणि चोचीखालचे कल्ले. नरात तुरा वाढतो आणि गुलाबीवरून लाल होतो. तलंगेचा लहान, पिवळसर किंवा फिकट गुलाबीच राहतो, अंड्यावर येण्याच्या सुमारास तो लाल होतो. एकाच वयाची पिल्लं शेजारी ठेवून बघा, एकट्या पिल्लावरून ठरवू नका.

दहावा ते चौदावा आठवडा: खरा निकाल इथे लागतो. पाठीवर, शेपटीच्या मुळाच्या जरा वर, नवी पिसं बोटाने वेगळी करून बघा. नराची अरुंद, चकचकीत आणि टोकाला निमुळती असतात. तलंगेची रुंद आणि टोकाला गोल असतात. मानेवरच्या पिसांतही हाच फरक दिसतो. उघड्या मानेच्या पिल्लांना मानेवर पिसंच नाहीत, त्यांची पाठच बघायची. त्यांच्या नरांची मानेची कातडी वयात येताना लाल होत जाते, तीही खूण धरता येते.

पायाच्या मागच्या काट्यावर जाऊ नका. त्याचा कोंब दोघांनाही असतो आणि म्हाताऱ्या कोंबडीलाही काटा वाढतो. एकमेकांसमोर छाती काढून उड्या मारणंही दोघं करतात.

आता चूक कुठे होते ते. पिल्लाला रक्ती हगवण झाली असेल, जंत असतील किंवा खाद्य कमी पडत असेल तर तुरा फिकट आणि बारीक राहतो. असा आजारी कोंबडा तलंग म्हणून ठेवला जातो आणि पाचव्या महिन्यात आरवतो. म्हणून अशक्त पिल्लाचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्या. तूस कोरडं ठेवा, पाण्याच्या भांड्याभोवतालचं ओलं तूस रोज काढा. आणि लवकर अंड्यावर याव्यात म्हणून आत्ताच लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं, खाद्य घालू नका. त्यातलं कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. आठ आठवडे चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं खाद्य), मग ग्रोअर (वाढत्या पिल्लांचं).

प्रतिसाद ४ (खडकवासला)

पिल्लं वेगवेगळी ओळखायच्या खुणेबद्दल थोडं. रंगीत केबल टाय पायात घालताना आत पेन्सिल सहज सरकेल इतकी जागा सोडा आणि दर पाच दिवसांनी तपासा. या वयात पाय झपाट्याने जाडतो, टाय कातडीत रुतला की पाऊल सुजतं. लहान झाला की कापून नवा घाला, रंग तोच ठेवा.

लसीचं राहू नये. राणीखेत, म्हणजे मानमोडी, आली तर कोंबडे-तलंगा निवडायला काही उरत नाही. पहिल्या आठवड्यात तिची लासोटा ही लस डोळ्यात थेंब टाकून दिली नसेल तर पशुवैद्यकांना आता लगेच विचारा. पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही राणीखेतचीच पुढची लस टोचून घ्या. लस बर्फावरच आणायची. पिल्लं मावळात पाठवणार असाल तर ही लस देऊन किमान दोन आठवडे गेल्यावर पाठवा, नाहीतर तिथल्या कोंबड्यांतला रोग त्यांना गाठेल.

धागाकर्ता

लासोटा सातव्या दिवशी दिली आहे, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा द्यायला सांगितलंय. पुढच्या वेळेसाठी विचारते: पहिल्या दिवशीच ओळखता येतील अशी पिल्लं मिळतात का? आणि एखादा कोंबडा उशिरा कळला तर तो रात्री अंधाऱ्या खोक्यात ठेवून आरवणं थांबतं का?

प्रतिसाद ३ (सासवड)

मिळतात, घरीही करता येतात. पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबड्या आणि ऱ्होड आयलंड रेड कोंबडा अशी जोडी लावा. पट्ट्यांचा गुण झेड गुणसूत्रावर असतो आणि कोंबडी आपलं झेड फक्त मुलग्यांना देते. त्यामुळे सगळी पिल्लं काळी निघतात, पण नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीच्या नसतो. जोडी उलटी लावली, म्हणजे शुद्ध पट्टेरी कोंबडा आणि लाल कोंबड्या, तर नर-मादी दोघंही पट्टेरी होतात आणि खूण जाते. या पिल्लांची पुढची पिढी काढली तरी खूण टिकत नाही, दर वेळी मूळ जोडीच हवी.

वनराजा, गिरीराज, कडकनाथ या जातींची पिल्लं बहुतेक सरमिसळच विकली जातात. पैसे देण्याआधी "माद्या निवडून देता की सरमिसळ?" हा प्रश्न विचारा. कडकनाथात तुरा मुळातच काळपट असतो, तिथे लाली शोधू नका, तुऱ्याचा आकार आणि पाठीची पिसं बघा. रस्त्यावर हातगाडीवर विकतात ती रंगवलेली पिल्लं घेऊ नका. ती बहुतेक लेअर जातीची नरच असतात.

अंधाऱ्या खोक्याने आरवणं थांबत नाही. कोंबडा उजेड बघून नाही, तर अंगातल्या घड्याळाने पहाटे आरवतो. खोक्यामुळे आवाज थोडा दबतो इतकंच, आणि हवा कमी पडली तर पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये पक्षी गुदमरतो. गळ्याला पट्टा बांधायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तलंगा कोंबड्याशिवाय अंडी देतात, ती फक्त उबवणीला चालत नाहीत.

आरवणं आठव्या आठवड्यापासून कधीही सुरू होऊ शकतं, गावरानात बहुतेक तीन-चार महिन्यांनी. तुमच्याकडे भिंतीला भिंत आहे, म्हणून लसीला दोन आठवडे होताच तुरा लाल झालेली पिल्लं दहाव्या आठवड्यात पाठवा. उरलेल्यांचा निकाल पिसांवर, बाराव्या-तेराव्या आठवड्यात. खुराडं २४ चौरस फुटांचं आहे, मोठे झालेले सहा पक्षी त्यात नीट राहतील, आठ ठेवले तर एकमेकांची पिसं उपटतील.

आठव्या आठवड्यात इथेच फोटो टाका: प्रत्येक पिल्लाचा एका बाजूने चेहरा, आणि पाठीची पिसं बोटाने फाकवून जवळून, टायचा रंग दिसेल असा. फोटो सकाळच्या सावलीत काढा, पिवळ्या बल्बखाली सगळेच तुरे लाल दिसतात.