सुपरनॅचरल सीझन २ चा शेवट : डीनने ते का केलं? नवऱ्याला दाखवायला एपिसोड सुचवा

उशिरा_उगवलेली
मंडळी, भुताखेतांची शिकार करणाऱ्या सॅम आणि डीन या दोन भावांची ही मालिका २००५ ची आणि मी आत्ता बघतेय, तेव्हा हसायचं असेल तर आधी हसून घ्या. काल आम्ही दोघांनी दुसऱ्या सीझनचा शेवट, 'ऑल हेल ब्रेक्स लूज'चा दुसरा भाग बघितला आणि तेव्हापासून घरात वाद चालू आहे. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी, जेक नावाचा एक पोरगा सॅमच्या पाठीत सुरा खुपसतो, सॅम डीनच्या हातात जीव सोडतो, आणि डीन चौरस्त्यावर जाऊन डीमनशी सौदा करतो की सॅमला उठव, माझा आत्मा घे. मुदत फक्त एक वर्ष. नवरा म्हणतो हा निव्वळ स्वार्थ आहे, याला एकट्याला राहवत नाही म्हणून भावाच्या डोक्यावर जन्माचं ओझं टाकलं, वर सॅमला विचारलं पण नाही. मी म्हणते बिचाऱ्याला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. पण मला ते नीट पटवून देता येत नाहीये आणि साहेब पहिला सीझन अर्धा मोबाईलमध्ये डोकं घालून 'बघत' होते.

दोन्ही सीझनचे मिळून ४४ एपिसोड परत कोणी बघणार नाही. तर चार-पाच असे सुचवा ज्यातून डीन असा का आहे ते कळेल. शनिवार-रविवारात संपले पाहिजेत. अट एकच, तिसऱ्या सीझनपासून पुढचं काहीही सांगायचं नाही.

पावशेर_चहा
आता मी बोलतो ते तुम्हाला आवडणार नाही पण तुमचे मिस्टर बरोबर आहेत आणि गंमत म्हणजे त्यांचंच म्हणणं डीनने स्वतः, स्वतःच्या तोंडाने, त्याच सीझनमध्ये बोलून ठेवलंय. 'क्रॉसरोड ब्लूज' लावा, सीझन २ चा आठवा. सुरुवात १९३८, मिसिसिपीतलं ग्रीनवूड, ब्लूज गाणारा रॉबर्ट जॉन्सन, चौरस्त्यावर आत्मा विकल्याची ती जुनी दंतकथा. मग आजच्या काळात एक आर्किटेक्ट, एक डॉक्टर, सगळ्यांनी दहा वर्षांपूर्वी काही ना काही मागितलेलं आणि आता हेलहाउंड, म्हणजे नरकातले कुत्रे, वसुलीला आलेत. त्यात इव्हान नावाचा माणूस आहे. त्याने पैसा-प्रसिद्धी काही मागितलेलं नाही, बायको कॅन्सरने मरत होती तिचा जीव मागितला.

आणि डीन त्याच्यावर काय भडकतो! तू हे बायकोसाठी नाही केलंस, तिच्याशिवाय राहायला लागू नये म्हणून केलंस, आता तिला तुझ्याशिवाय राहावं लागणार, आणि आपल्या जगण्याची किंमत काय मोजली गेली हे तिला कळलं तर तिला कसं वाटेल, असं तोंडावर सुनावतो त्याला. हे बोलताना तो इव्हानशी बोलतच नाहीये, बापाशी बोलतोय. कारण बापाने, जॉनने, नेमकं हेच त्याच्यासाठी केलेलं असतं. म्हणजे या सौद्याने मागे राहणाऱ्याचं काय होतं हे जगात सगळ्यात जास्त कोणाला माहिती असेल तर डीनला. आणि तरी तो शेवटी तेच करतो. न कळून केलं असतं तर 'बिचारा' म्हटलं असतं.

उशिरा_उगवलेली
अरे देवा हा सीन माझ्या डोक्यातून पूर्ण गेला होता. हा दाखवला तर मी हरलेच की.

नाना_नागपूरकर
हरत नाही बाई, थांबा. पावशेर अर्धंच सांगून राहिले. डीनला कळत होतं हे खरं आहे पण कळूनही माणूस का करतो ते बघायला मागे जावं लागेल. पहिल्या सीझनमधला 'समथिंग विकेड' दाखवा. लहान डीन, मोटेलची खोली, बाप शिकारीला गेलेला आणि जाताना हुकूम की सॅमला सोडून हलायचं नाही. पोरगं कंटाळून जरा व्हिडिओ गेम खेळायला बाहेर जातं, तेवढ्यात श्ट्रिगा, म्हणजे पोरांचा जीव शोषणारी चेटकीण, सॅमच्या उशाशी. बाप वेळेवर येतो म्हणून वाचतो. नंतर बाप त्यावर एक शब्द बोलत नाही, पण नजर बदलते, आणि डीनने ती नजर जन्मभर डोक्यात ठेवलीय. अरे ते नऊ-दहा वर्षांचं पोरगं होतं! त्याला खेळावंसं वाटलं हा त्याचा गुन्हा.

त्याच्याही आधी २ नोव्हेंबर १९८३, कॅन्ससमधलं लॉरेन्स, घराला आग लागते तेव्हा जॉन सहा महिन्यांचं बाळ चार वर्षांच्या पोराच्या हातात देतो आणि बाहेर पळ म्हणतो. तेव्हापासून त्याला कोणी 'आता ठेव खाली' म्हटलंच नाही. शेवटच्या एपिसोडमध्ये सॅमच्या प्रेताशेजारी बसून तो हेच म्हणतो ना, मला एकच काम होतं आणि तेही मी घालवलं. स्वार्थ कसला, ड्युटी आहे ती. दोष द्यायचा तर जॉनला द्या.

कुडाळची_वहिनी
नानांना +१. जॉनला मी कधी माफ करणार नाही.

अवांतर: क्रॉसरोड ब्लूजमध्ये ते चौरस्त्यावर डबा पुरतात, त्यात स्वतःचा फोटो, स्मशानातली माती, काळ्या मांजराचं हाड, ते बघून आमच्या सासूबाई म्हणाल्या, 'ह्येंच्याकडे पण तिठ्यार उतारो ठेवतत काय गो'. आमच्याकडे तिठ्यावरचा नारळ दिसला की लांबून वळसा घालून जायचं, आणि हे महाशय स्वतः जाऊन हाक मारतात.

पावशेर_चहा
नाना, ड्युटी मान्य. पण ड्युटी म्हणून केलं असतं तर बॉबीचं, त्यांच्या जुन्या शिकारी मित्राचं, ऐकलं असतं त्याने. बॉबी येऊन सांगतो की पोराला मूठमाती देऊ या, बाहेर मोठं काहीतरी घडतंय, तुझी गरज आहे. डीन म्हणतो, संपू दे जग. जो माणूस 'समथिंग विकेड'पासून लोकांना वाचवायचं काम मान खाली घालून करत आलाय तो म्हणतो संपू दे! ड्युटी तिथे संपली. उरलं ते वेगळंच काहीतरी आहे.

बे_एरियातली_माई
मी हा वाद २००७ पासून ऐकतेय, तेव्हा तो मे महिन्यात टीव्हीवर लागला होता आणि पुढच्या सीझनसाठी अख्खा उन्हाळा थांबायचं होतं, तुम्हाला काय, लगेच पुढचं बटण दाबता. तर माझं मत सांगते. स्वार्थ की त्याग असे दोनच कप्पे करून तुम्ही दोघं (म्हणजे तिघं, मिस्टर धरून) भांडताय. तिसरं कारण डीन स्वतः बॉबीला सांगतो तो सीन परत बघा. बॉबी त्याची गचांडी धरून विचारतो, तुम्हा विंचेस्टर बापलेकांना खड्ड्यात उडी मारायची एवढी हौस का? त्यावर डीन म्हणतो की बाबांनी मला परत आणलं, मी मुळात इथे असायलाच नको, निदान असं तरी माझ्या जगण्याचा काही उपयोग होईल. आणि बॉबी ज्या चेहऱ्याने विचारतो की म्हणजे आधी नव्हता का काही उपयोग, स्वतःची एवढीच किंमत करतोस तू? जिम बीव्हरने तो सीन असला केलाय की बस.

म्हणजे त्याच्या हिशोबाने त्याने काही दिलंच नाही. स्वतःचा जीव तो वरचा, बिनपावतीचा समजतो, चुकून खिशात राहिलेली दुसऱ्याची सुट्टी नाणी द्यावीत तसा देऊन टाकतो. इव्हानला ओरडतो ते खरंच मनापासून ओरडतो, पण तो नियम स्वतःला लावत नाही, कारण इव्हान गेला तर कोणाचं तरी नुकसान आहे आणि आपण गेलो तर कोणाचं काय जातंय असं त्याला खरोखर वाटतं. सॅमला त्रास होईल हे त्याच्या डोक्यात शिरतच नाही, कळत असून.

म्हणून माझी यादी:

'फेथ', पहिल्या सीझनचा बारावा. शॉक लागून डीनच्या हृदयाची वाट लागलेली, सॅम त्याला नेब्रास्कात तंबूतल्या एका आंधळ्या फेथ हीलरकडे नेतो, डीन ठणठणीत. मग कळतं की त्याच वेळी एक धडधाकट तरुण मेला, त्याच्या बदल्यात. आणि तिथे लेला आहे, ब्रेन ट्यूमर असलेली, तिचा नंबर लागत नाही. 'मी उरलो आणि चांगली माणसं गेली' हे डीनच्या डोक्यात इथून बसतं.

'डेव्हिल्स ट्रॅप', पहिल्या सीझनचा शेवटचा. पिवळ्या डोळ्यांचा डीमन, ज्याने यांची आई मारली तो, जॉनच्या शरीरातून डीनला म्हणतो की तुला त्यांची गरज आहे तेवढी त्यांना तुझी नाही. डीमन खोटं बोलतात हे डीनला माहिती, पण हे वाक्य त्याला खरं वाटतं.

लगेच पुढचा 'इन माय टाइम ऑफ डाइंग'. जॉन आत्मा आणि डीमनलाही मारू शकणारं कोल्ट पिस्तूल देऊन डीनला वाचवतो. जेफ्री डीन मॉर्गनचं काम बघा, मरायच्या आधी पहिल्यांदाच पोराला शाबासकी देतो आणि पोरगा घाबरतो, की बाबा असे काय बोलतायत. एवढी सवय नाही कौतुकाची!

मग 'चिल्ड्रन शुडन्ट प्ले विथ डेड थिंग्ज', सीझन २ चौथा. भूतकथा म्हणून सुमार आहे, झोंबी वगैरे, पण शेवटची पाच मिनिटं इम्पाला रस्त्याकडेला थांबवून डीन जे बोलतो त्यासाठी बघा. मेलेल्याने मेलेलंच राहावं, असं तो स्वतःबद्दल म्हणतो.

पावशेर_चहा
माई!! आणि शेवटच्या एपिसोडमध्ये पिवळ्या डोळ्यांचा त्याला तेच ऐकवतो ना, मेलेलं मेलेलंच राहावं हे तुला तरी माहिती असायला हवं होतं, आणि जो परत आणलास तो शंभर टक्के सॅमच आहे याची खात्री आहे का तुला? मी हे दोन एपिसोड कधी जोडून बघितलेच नव्हते.

रिकामटेकडा_०७
तुम्ही लोक फारच खोलात जाता राव. लेखकांना पुढच्या सीझनला एक टिकटिक हवी होती, एक वर्षाची मुदत दिली, झालं. दहा वर्षं दिली असती तर मालिका कशी चालणार.

कुडाळची_वहिनी
रिकामटेकडा, मग तो घासाघीस करतो तो सीन काय उगाच टाकलाय का? बाकी सगळ्यांना दहा वर्षं मिळतात म्हणून हा दहा मागतो, चौरस्त्यावरची ती डीमन नाही म्हणते, मग एकेक कमी करत पाचवर येतो, ती सरळ पाठ फिरवून चालायला लागते. बाजारात ज्याला वस्तू हवीच आहे हे दुकानदाराला कळलं त्याचं काय होतं? तिच्या बाजूने पण बघा की, हाच डीन आधीच्या वेळी चौरस्त्यावर येऊन डीमनला सापळ्यात अडकवून इव्हानचा करार फाडून गेलेला, मग त्या जातीला आता सवलत द्यायचं कारणच काय. वर अट अशी की पळवाट काढायला गेलास तर सॅम तिथल्या तिथे मेला. म्हणजे वसुलीला जामीन पण भावाचाच.

रिकामटेकडा_०७
बरं बाई, घासाघीस चांगली लिहिलीय हे कबूल. चाळीस वर्षं नरकात काढून आल्यावर तरी

बे_एरियातली_माई
अहो!!! अट वाचा धाग्याची! ॲडमिन, वरचा प्रतिसाद उडवा प्लीज.

उशिरा_उगवलेली
मी काही वाचलेलं नाही. ला ला ला.

माई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणे ठीक आहे, स्वार्थ हा शब्द मागे घेतो, पण सॅमला न विचारता केलं आणि नंतर त्याच्यापासून लपवलं हे चूकच. यावर माझ्याकडे उत्तर नाही. यादी फायनल करू का: समथिंग विकेड, फेथ, डेव्हिल्स ट्रॅप, इन माय टाइम, ते झोंबीवालं, क्रॉसरोड ब्लूज. सहा झाले. एक उडवायचा असेल तर कुठला?

पावशेर_चहा
झोंबीवाल्याची शेवटची पाच मिनिटंच दाखवा, एपिसोड वाचला. क्रॉसरोड ब्लूज काही झालं तरी सगळ्यात शेवटी ठेवा आणि त्याला जोडूनच फिनाले परत लावा. आणि क्रॉसरोड ब्लूजचा शेवट होईपर्यंत मिस्टरांना मोबाईल देऊ नका. सॅम गाडीत विचारतो, त्या डीमनशी सौदा करायचा विचार तू खरंच केला नव्हतास ना? डीन उत्तर देत नाही, गाण्याचा आवाज वाढवतो.

नाना_नागपूरकर
आणि वेळ उरला तर 'व्हॉट इज अँड व्हॉट शुड नेव्हर बी', तोच सीझन, विसावा. जिन त्याला स्वप्नात टाकतो, आई जिवंत आहे, अंगणात गवत कापतोय, सगळं मस्त. फक्त सॅमशी पटत नाही आणि यांनी ज्यांना ज्यांना वाचवलं ती माणसं मेलेली. बापाच्या थडग्यापाशी जाऊन रडतो की सगळ्यांना वाचवायचा ठेका मीच का घेतला, आम्ही कधी जगायचं. आणि तरी स्वप्न सोडून परत येतो. फिनालेच्या दोनच एपिसोड आधी असं सगळं सोडून जो आलाय, त्याच्या हातात मग सॅम मरतो. आता बोला स्वार्थी.

न विचारण्याचं म्हणाल तर बापानेही कुठे विचारलं होतं? घरची पद्धतच ती. जॉनवर वेगळा धागा काढतो, इथे माईंच्या यादीची वाट लागायला नको. फक्त एक करा, डेव्हिल्स ट्रॅप आणि इन माय टाइम यांच्यात जेवायला उठू नका, पहिल्याच्या शेवटी ट्रक येऊन धडकतो आणि दुसरा तिथूनच सुरू होतो. जेवण आधी उरका.