एकाच गळ्याचा कोरस

जस्टिन व्हर्नन या अमेरिकन गायकाच्या ‘बॉन इव्हेर’ बँडचा ‘फॉर एमा, फॉरएव्हर अगो’ हा अल्बम. त्यातला कोरस म्हणजे एकच टेक (एका वेळचं रेकॉर्डिंग) कॉपी-पेस्ट करून वर रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) ओतलाय, असं एकाचं म्हणणं. रिव्हर्बचं मान्य, कॉपीचं नाही. तोच टेक तंतोतंत दोनदा लावला तर आवाज सहा डेसिबलनं वाढतो, बस्स. दाटपणा येत नाही. जस्टिन व्हर्ननने २००६-०७च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या केबिनमध्ये स्वतःचाच आवाज थरावर थर रेकॉर्ड केला. दर वेळी सूर किंचित हलतो, वेळ किंचित सरकते. दाटपणा येतो तो त्यामुळेच.

आम्ही कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये भिंतीला गाद्या लावून हे करून पाहिलंय (पंखा बंद, मे महिना). सुरांचं जमलं, घोळ झाला व्यंजनांचा. ‘स’, ‘च’, ‘ट’ प्रत्येक टेकमध्ये वेगळ्या क्षणी पडतात आणि ओळ संपताना नुसता तडतडाट. शेवटी एकाच थरात शब्द पूर्ण म्हटले, बाकीच्यांत शेवटचं व्यंजन खाऊन फक्त स्वर ठेवला. गाणं शिकलेल्या मैत्रिणीला शब्द गिळणं अजिबात पटेना, पण हेडफोनवर ऐकल्यावर गप्प बसली. शिवाय व्हर्नन या रेकॉर्डवर बहुतेक फॉल्सेटोत, म्हणजे उंच, पातळ आवाजात गातो. त्या आवाजात वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत उमटणारे उंच सूर) क्षीण असतात, म्हणून इतके थर चढवूनही ते एकमेकांना घासत नाहीत. छातीच्या, म्हणजे नेहमीच्या भरदार आवाजात तेवढेच थर चढवा, थेट भजनी मंडळ होतं. आमचं झालं होतं.